घरी म्युटोस्कोप बनवताना: कार्डं, गठ्ठा, पट्टी आणि हँडल

म्युटोस्कोप म्हणजे हँडल फिरवून, एकामागून एक पडणाऱ्या कार्डांवर हलतं चित्र पाहायची पेटी. घरी बनवलेला म्युटोस्कोप बिघडतो तो ठरावीक ठिकाणीच. कार्डं एकेक पडण्याऐवजी घोळक्याने पडतात, हँडल जरा जोरात फिरवलं की चित्र पळत सुटतं, किंवा कार्डांचा गठ्ठा नळीवर गुंडाळताना मोडतो. लोक मात्र आठवडाभर पेटीला पॉलिश करत बसतात. पेटी शेवटी करायची. या यंत्राचा जीव कार्डाच्या कडेत आणि ती कड अडवणाऱ्या एका छोट्या पट्टीत आहे. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलेला आहे, तो बदलू नका.

आधी यंत्र कसं चालतं ते नीट समजून घ्या, कारण झोट्रोपशी (आत चित्रं लावलेल्या, फटींच्या फिरत्या डब्याशी) गल्लत करून पुष्कळ जण म्युटोस्कोपलाही फटी पाडतात. झोट्रोपमध्ये चित्रं न थांबता फिरत असतात, म्हणून फटीतून क्षणभरच पाहावं लागतं, नाहीतर सगळं पुसट होतं. म्युटोस्कोपमध्ये फटीची गरज नाही. आडव्या दांड्यावर बसवलेल्या रिळातून कार्डं चहूकडे उभी असतात. रीळ फिरतं, वरचं कार्ड पट्टीला अडून थांबतं, मागून ताण येत राहतो, कार्ड वाकतं आणि अखेर निसटून पुढे पडतं. त्याच्या मागचं कार्ड तोवर पट्टीला टेकून स्थिर झालेलं असतं. प्रत्येक चित्र क्षणभर थांबतं आणि बदल झटक्यात होतो, म्हणूनच डोळ्याला हालचाल दिसते. थांबणं किंवा झटका यांपैकी एक जरी बिघडलं तरी नुसतीच फडफड उरते.

मूळ यंत्रांच्या रिळात सुमारे ८५० कार्डं असत आणि खेळ साधारण मिनिटभर चाले. आपण १२० कार्डांचं, दहा सेकंदांचं रीळ करणार आहोत. पहिल्याच प्रयत्नात यापेक्षा मोठं रीळ करू नका.

## टप्पा १: सामान

कार्डांसाठी २५० जीएसएमचा मॅट आर्ट कार्ड घ्या, त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते. चकचकीत फोटो पेपर नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लास्टिक चढवलेली कार्डं एकमेकांना चिकटतात आणि दिव्याचं प्रतिबिंब थेट डोळ्यात येतं.

याशिवाय लागेल ते असं: दोन कार्डांमध्ये घालायच्या पट्ट्यांसाठी दीड मिमी जाडीचा ग्रे बोर्ड, ६३ मिमी बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, ८ मिमीचा आट्यांचा रॉड, त्याचे नट आणि वॉशर, ६०८ नंबरच्या चार बेअरिंग, मांजरपाटाचा तुकडा, पांढरा गोंद, ६ मिमीचा प्लाय आणि शिलाई मशीनचा चामडी पट्टा. हा पट्टा हवा तेवढा कापून त्याच्याच तारेच्या हुकाने जोडता येतो, म्हणून मला तो रबरी रिंगपेक्षा सोयीचा वाटतो. ६०८ बेअरिंगचं भोक ८ मिमीचं असतं, रॉड त्यात सरळ बसतो.

ज्याच्याकडे कागद कापायचं मोठं मशीन आहे असा बाइंडर आधीच गाठून ठेवा. कात्री-पट्टीने १२० कार्डं एकसारखी कापता येत नाहीत, आणि इथे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही दिसतो.

## टप्पा २: चित्रण

कॅमेरा किंवा फोन स्टँडवर घट्ट बसवा. कॅमेरा हलला तर कार्डांवर सगळी पार्श्वभूमीच थरथरते आणि पाहणाऱ्याला वाटतं यंत्रात दोष आहे. पार्श्वभूमी मोकळी ठेवा, माणूस किंवा वस्तू तिच्यापेक्षा स्पष्ट उजळ किंवा गडद असू द्या. आडवी हालचाल फार उठून दिसते: दोरीवरच्या उड्या, झोका, भोवऱ्याला जाळी मारून फेकणं. चेहऱ्यावरचे बारीक भाव या आकारात हरवतात.

दहा सेकंदांचं चित्रण करून सेकंदाला १२ या दराने चौकटी काढा. एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने ते एका आज्ञेत होतं. व्हिडिओ थांबवून हाताने स्क्रीनशॉट घेऊ नका, अंतरं कमीजास्त होतात आणि चाल लंगडते.

रीळ गोल असल्यामुळे १२० नंतर पुन्हा १ येतो. हालचाल जिथून सुरू झाली तिथेच संपत असेल तर उत्तम. तशी नसेल तर शेवटची पाच-सहा कार्डं पूर्ण काळी ठेवा, म्हणजे उडी दोष वाटत नाही.

हळू वाढणाऱ्या गोष्टीही या यंत्राला शोभतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप वाढताना टिपून छोटा चित्रपट केला होता, तोच धडा कुंडीतल्या मेथीवर किंवा मुगावर गिरवता येईल. अडचण उजेडाची येते. खिडकीतल्या उजेडात घेतलेली चित्रं कार्डांवर लुकलुकतात. खिडकी झाका, एकच दिवा ठेवा आणि फोनचं एक्स्पोजर लॉक करा.

## टप्पा ३: कार्डाची आखणी आणि छपाई

कार्ड ९० मिमी रुंद आणि ८७ मिमी उंच. त्यातले खालचे १२ मिमी मुळाचे, ते ग्रे बोर्डच्या पट्टीला चिकटणार. उरलेल्या ७५ मिमीमध्ये चित्र वरच्या बाजूला बसवा, पण सर्वांत वरचे ६ मिमी महत्त्वाच्या गोष्टींपासून मोकळे ठेवा, कारण तिथे अडवणारी पट्टी येते. खालचे १५ मिमीही रिकामे सोडा. पडलेली कार्डं आणि कार्डाचा बाक यांमुळे तो भाग धड दिसत नाही. नाचणाऱ्याचे पाय या १५ मिमीत गेले तर नाच गेलाच म्हणून समजा.

मुळाच्या भागावर प्रत्येक कार्डाचा क्रमांक छापून घ्या. हे टाळण्याइतकी वाईट काटकसर दुसरी नाही.

१३ × १९ इंचांच्या डिजिटल छपाईच्या शीटवर अशी १५ कार्डं बसतात, म्हणजे ८ शीट पुरतात. मांडणीत एक युक्ती करा. पहिल्या शीटवर १ ते १५ असं ओळीने लावू नका. पहिल्या शीटवर १, ९, १७ असं करत ११३ पर्यंत, दुसऱ्यावर २, १०, १८ असं करत ११४ पर्यंत, याप्रमाणे आठही शीट लावा. आठ शीट एकावर एक ठेवून कापल्या की प्रत्येक छोटा गठ्ठा आपोआप क्रमाने लागलेला मिळतो. पंधरा गठ्ठे एकाखाली एक ठेवले की काम झालं.

सगळी कार्डं शीटवर एकाच दिशेने हवीत. कागदाला ग्रेन असतो: एका दिशेने तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने ताठ राहतो. जागा वाचवायला काही कार्डं आडवी फिरवून बसवली, तर काही लवकर निसटतील आणि काही उशिरा, मग पट्टी कितीही हलवा. मी ग्रेन कार्डाच्या उंचीच्या दिशेने ठेवणं पसंत करेन, कारण कार्ड ताठ राहून झटक्याने सुटतं. उलट्या दिशेनेही खेळ चालतो, मात्र सगळी कार्डं सारखी हवीत. छपाईवाल्याला हे आधी सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो.

तपासणी: सुट्या कार्डाचं मूळ दोन बोटांत धरा, दुसऱ्या बोटाने वरची कड मागे ओढून सोडा. कार्ड लगेच सरळ झालं पाहिजे. बाक राहिला तर कागद पातळ आहे किंवा दमट झाला आहे.

## टप्पा ४: कापणी

कापून आलेली १२० कार्डं एकत्र करा, मुळाची कड टेबलावर ठोकून सपाट करा आणि पूर्ण गठ्ठा पुन्हा बाइंडरच्या मशीनखाली ठेवून वरची कड एकाच घावात कापून घ्या. हा गठ्ठा फक्त तीन सेंटिमीटर जाड असतो. पुष्कळ जण ही दुसरी कापणी गाळतात. आठ-आठ शीटच्या कापणीत पातं किंचित सरकतं, आणि तो फरक पुढे कार्डं घोळक्याने पडण्यात दिसतो.

त्याच वेळी ग्रे बोर्डच्या ९० × १२ मिमीच्या १२० पट्ट्याही कापून घ्या. दहा-पंधरा जास्त घ्या.

सावधान: पावसाळ्यात कोकणपट्टीत हे काम करत असाल तर छापील कार्डं कापण्याआधी आणि चिकटवण्याआधी सपाट वजनाखाली, बंद पिशवीत ठेवा. वळलेली कार्डं कापली की कापही वाकडा येतो.

## टप्पा ५: गठ्ठा बांधणं

इथे सर्वांत जास्त काम वाया जातं, म्हणून सावकाश करा.

प्रत्येक कार्डाच्या मागच्या बाजूला, मुळाशी, ग्रे बोर्डची एक पट्टी चिकटवा. पट्टीची खालची कड आणि कार्डाची खालची कड तंतोतंत जुळली पाहिजे. गोंद पातळ थरात लावा. बोटाला ओल लागेल इतकाच पुरतो, जास्त लावला तर ग्रे बोर्ड फुगतो आणि जाडी बदलते.

कार्ड आणि त्याची स्वतःची पट्टी एवढीच जोडी चिकटवायची. ती जोडी पुढच्या कार्डाला चिकटवायची नाही. हा नियम मोडला की लाकडाच्या ठोकळ्यासारखा गठ्ठा तयार होतो आणि नळीभोवती गुंडाळताना फुटतो.

जोड्या सुकल्यावर चित्र वर, कार्ड १ सर्वांत वर आणि १२० तळाशी असा गठ्ठा लावा. मुळाची कड ठोकून एकसारखी करा, दोन फळ्यांमध्ये दाबा आणि त्या कडेवर गोंद लावून मांजरपाटाची पट्टी बसवा, वहीच्या पाठीला बाइंडर लावतो तशीच. गोंद कापडातून आरपार कार्डांच्या कडांपर्यंत पोहोचायला हवा. दोन्ही टोकांना कापड वीस-वीस मिमी जास्त सोडा. एक पूर्ण दिवस दाबाखाली सुकू द्या. वरून कोरडा वाटला तरी आतला गोंद ओला असतो.

तपासणी: सुकलेला गठ्ठा हातात घेऊन पाठ आत आणि कार्डं बाहेर अशी कमान करा. प्रत्येक जोडी वरच्या बाजूला उघडली पाहिजे आणि पाठीशी घट्ट राहिली पाहिजे. एखादी निसटली तर आत्ताच चिकटवा.

## टप्पा ६: आधी गठ्ठा, मग नळी

पाव मिमीचं कार्ड आणि दीड मिमीची पट्टी मिळून एक जोडी पावणेदोन मिमीची. १२० जोड्यांची पाठ सुमारे २१० मिमी लांब होते. ६३ मिमी पाइपचा परीघ १९८ मिमी, म्हणजे पाइप थोडा कमी पडतो. हे ठरवूनच केलं आहे. नळी जाड करणं सोपं असतं, गठ्ठा लांब-आखूड करणं कठीण.

पाठीची लांबी प्रत्यक्ष मोजा, हिशेबावर विसंबू नका. मग पाइपवर खाकी कागद गोंद लावून गुंडाळत जा आणि मधूनमधून कागदाच्या पट्टीने परीघ मोजा. परीघ पाठीइतका झाला की थांबा. साधारण दोन मिमी जाडीचा थर लागतो. परीघ कमी राहिला तर कार्ड १ आणि १२० एकमेकांवर चढतात, जास्त झाला तर दोघांमध्ये खिंड पडते आणि प्रत्येक फेरीला चित्र अडखळतं.

पाइपची लांबी ८९ मिमी ठेवा, पट्ट्यांपेक्षा एक मिमी कमी. याचं कारण पुढच्या टप्प्यात आहे.

आता गठ्ठा गुंडाळा. आधी गोंद न लावता एकदा करून बघा. मग पाइपला गोंद लावून, जास्तीच्या कापडाचं एक टोक चिकटवून, गठ्ठा ताणत फिरवा. पट्ट्यांच्या उंचीवर रबर बँड बांधून ठेवा. रबर बँड कार्डांच्या मोकळ्या भागावर नको, खूण कायमची पडते.

## टप्पा ७: चकत्या, दांडा आणि पेटी

प्लायच्या दोन चकत्या कापा, व्यास ८८ ते ९० मिमी. मधोमध ८ मिमीचं भोक. चकत्या रिळाच्या दोन्ही बाजूंना लावून रॉडवर नटने आवळल्या की त्या पाइपवर न टेकता पट्ट्यांच्या कडांना चावतात, पाइप एक मिमी आखूड ठेवला तो यासाठीच. नुसत्या कापडाच्या भरवशावर रीळ फार दिवस टिकत नाही, दर निसटणाऱ्या कार्डाचा झटका मुळाला बसत असतो.

चकती ९० मिमीपेक्षा मोठी करू नका. मोठी चकती कार्डांच्या मोकळ्या बाजूंना घासते आणि निसटण्याचा झटका मारून टाकते.

पूर्ण रिळाचा व्यास सुमारे २४१ मिमी होतो. पेटीची आतली उंची आणि खोली २६५ मिमीच्या खाली नको. बाजूच्या फळ्यांत बेअरिंग बसवून रीळ टांगा. बोटाने ढकलल्यावर ते मोकळं फिरलं पाहिजे आणि कोणत्याही एका जागी परत येऊन थांबता कामा नये. थांबत असेल तर भोक मधोमध नाही.

## टप्पा ८: हँडल थेट दांड्याला लावू नका

रिळाच्या एका फेरीत १२० कार्डं पडतात. हात सहज सेकंदाला एक फेरी मारतो, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं! आपल्याला १२ ते १६ हवीत. दहा सेकंदांत एकच फेरी इतक्या हळू हात फिरवला तर तो गचके खातो. मूळ यंत्रात याच कारणाने हँडल आणि रीळ यांच्यात वर्म गिअर (आट्यांच्या दांड्याने दातांचं चाक हळू फिरवणारी जोडी) असे.

आपण पट्टा वापरू. हँडलच्या दांड्यावर २५ मिमीची पुली, रिळाच्या दांड्यावर १५० मिमीची. दोन्ही प्लायच्या चकत्या एकावर एक चिकटवून करता येतात, मधली चकती लहान ठेवली की पट्ट्याला खाच मिळते. पट्ट्याची जाडी धरून वेग पाच-सहा पटींनी कमी होतो. हँडलच्या दांड्याचं भोक गोल न ठेवता पंधरा मिमी लांबट ठेवा, पट्टा सैल झाला की दांडा सरकवून ताण देता येतो. दात असलेल्या गिअरपेक्षा पट्ट्याचा एक मोठा फायदा आहे: कार्ड अडकलं तर पट्टा घसरतो, कार्ड फाटत नाही. लहान मुलं हँडल फिरवणार असतील तर ही सोय लाखमोलाची.

सावधान: रिळाचा वरचा भाग पाहणाऱ्याच्या दिशेने आला पाहिजे. उलट फिरवलं की पडलेली कार्डं पट्टीखाली उलटी दुमडतात. पेटीवर ठळक बाण काढा.

## टप्पा ९: पट्टी बसवणं आणि जुळवणं

जुन्या स्टीलच्या फूटपट्टीचा ३० मिमी रुंद तुकडा घ्या, कडा घासून गुळगुळीत करा. तो पेटीच्या वरच्या फळीखाली, रिळाच्या शिखराच्या किंचित पुढे, कार्डाच्या मधोमध येईल असा बसवा. पट्टी पूर्ण रुंदीची केली तर किंचित तिरक्या कार्डाचा एक कोपरा आधी सुटतो आणि कार्ड पिळवटतं, मधल्या अरुंद पट्टीला असा तिरकेपणा चालतो. स्क्रूसाठी भोकं न पाडता उभ्या खाचा पाडा, म्हणजे पट्टी वरखाली सरकेल.

जुळवताना पट्टी कार्डांना स्पर्शही होणार नाही इतकी वर ठेवून सुरुवात करा. एका हाताने हँडल हळू फिरवत ती अर्धा-अर्धा मिमी खाली आणा. कार्डं अडून एकेक पडायला लागली की थांबा. बहुधा तीन-चार मिमी कड पट्टीत अडकते तेव्हा खेळ रंगतो. पट्टी आधीच खूप खाली बसवून मग वर नेऊ नका, तोवर पहिली दहा-बारा कार्डं कायमची वाकलेली असतात आणि दोष पट्टीचा की कार्डांचा हे कळत नाही.

## टप्पा १०: चालवून दोष शोधणं

पहिल्या दोन-तीन फेऱ्या अगदी हळू फिरवा, प्रत्येक कार्डाचा आवाज ऐकत. नीट लागलेलं रीळ एकसारखं टिकटिकतं. दोष डोळ्यांआधी कानाला कळतो.

पूर्ण रीळभर कार्डं घोळक्याने पडत असतील तर पट्टी फार खाली आहे. ठरावीक जागीच घोळका पडत असेल तर पट्टीला हात लावू नका. तिथलं एखादं कार्ड लांब आहे किंवा दोन कार्डांच्या मुळाशी गोंद वर चढून ती एकत्र झाली आहेत. पातळ पात्याने ती वेगळी करा.

कार्ड न थांबता घसरत असेल तर पट्टी वर आहे. थांबतं पण सुटताना कुरकुरतं, अशा वेळी पट्टीच्या कडेवर मेणबत्ती घासा. चित्र स्थिर आहे पण पुढे-मागे डुलतं आहे, तर नट सैल आहेत किंवा चकत्या पट्ट्यांना पुरेशा चावलेल्या नाहीत. आणि चाल मध्येच मागे गेल्यासारखी वाटली तर मुळावरचे क्रमांक वाचा, दोन कार्डांची अदलाबदल झालेली असेल. मुळाशी कापून ती जोडी बाहेर काढता येते, कापड मात्र फाडू नका.

उजेड शेवटी लावा. छोटा एलईडी पट्टीच्या मागे नको, तिची सावली चित्रावर पडते. तो पाहण्याच्या खिडकीच्या वर, पेटीच्या आत, कार्डाच्या तोंडाकडे वळवून लावा आणि खिडकीभोवती काळ्या कागदाची खोलगट चौकट करा. पेटीचं आतलं अंगही काळं रंगवा.

वापर नसेल तेव्हा पट्टी सैल करून वर सरकवून ठेवा. महिनाभर पट्टीखाली अडकून राहिलेली कार्डं बाक धरतात, आणि पुढच्या वेळी बरोबर तेवढ्याच जागी घोळका पडतो.